राहायचं कुठं?

मागच्या रविवारी सकाळी साडेसातला फोन वाजला. रविवारी एवढ्या सकाळी मला दोनच प्रकारचे लोक फोन करतात, एक सर्व्हर झोपला की ऑफिसवाले आणि दुसरे गावाकडचे. गावाकडचाच होता. शिरूर अनंतपाळहून चुलतभाऊ.

"भाऊ, पोराला ९२ टक्के पडले. लातूरला घालावं म्हणतोय अकरावीला."

मी अभिनंदन वगैरे केलं आणि सवयीने सुरू झालो. कॉलेज कुठलं, नीट करायचं की जेईई, क्लास कुठला... त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कॉलेजचं होईल ओ भाऊ. राहायचं कुठं लेकरानं, ते सांगा."

फोन ठेवला, चहा केला, आणि दिवसभर तेच वाक्य डोक्यात. कारण १९९९ साली आमच्या अण्णांनी माझी दहावीची मार्कलिस्ट हातात घेऊन पहिलं वाक्य हेच उच्चारलं होतं. (त्याच वर्षी शिरूर अनंतपाळ तालुका झाला. तहसील आलं, पाट्या बदलल्या, पण सायन्सला जायचं तर लातूरच.)

पुण्या-मुंबईच्या मित्रांना हे सांगून नीट कळत नाही. त्यांच्यासाठी कॉलेज म्हणजे एक बसचा नंबर. सकाळी निघायचं, संध्याकाळी घरी येऊन आईच्या हातचं जेवायचं. आमच्याकडं शिक्षण म्हणजे आधी गाव सोडणं. गाव सोडणं म्हणजे छप्पर शोधणं आणि दोन वेळच्या जेवणाची सोय लावणं. हे जमलं तर मग फिजिक्स-केमिस्ट्री. त्यामुळे शिक्षणाचा इतिहास वाचताना शाळा-कॉलेजं कधी निघाली यापेक्षा पोरं राहिली कुठं आणि जेवली कुठं हे शोधलं तर जास्त कळतं, असं माझं मत झालंय. हा वीकांत त्यातच गेला, आणि सोबत एक जुनं ओझंही वर आलं. ते शेवटी सांगतो.

तर पहिल्यापासून.

वसतिगृह हा प्रकार यायच्या आधी आपल्याकडे गरीब विद्यार्थ्याची सोय नव्हती असं नाही. होती! माधुकरी होती, वार लावून जेवणं होतं. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी, असे सात दिवस सात घरं. झोपायला देवळाची ओसरी किंवा कुणाच्या तरी माडीवरचा कोपरा. आपल्या कितीतरी थोर माणसांच्या चरित्रांत पहिली पन्नास पानं ही अशी वारावर जेवून शिकल्याची असतात, आणि ते कष्ट खरेच होते. पण ही सोय फक्त एका जातीच्या मुलांसाठी होती. बाकीच्यांच्या पोराने झोळी घेऊन दारात उभं राहून बघावं म्हणजे कळेल. शाळेचं दार सरकारी कायद्याने उघडता येतं, स्वयंपाकघराचं नाही. त्यामुळे शाळा सगळ्यांना खुली असूनही शिकणारे ठरावीकच राहिले.

ही अडचण पहिल्यांदा नेमकी कोणाला कळली असेल तर कोल्हापूरच्या शाहू महाराजांना. त्यांनी १८९६ साली कोल्हापुरात सर्व जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह काढून बघितलं. झालं काय, की थोड्याच काळात तिथे ब्राह्मण विद्यार्थीच उरले. म्हणजे नियम सगळ्यांसाठी सारखा, निकाल एकतर्फी. मग त्यांनी उलटा मार्ग धरला. १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग, आणि मग जैन, लिंगायत, मुस्लिम असं करत जवळपास प्रत्येक समाजासाठी वेगळं बोर्डिंग. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. जातवार वसतिगृहं काढून जात कशी जाणार, असा प्रश्न आज आपल्याला पडतो, आणि तो अगदीच चुकीचा नाही. पण पोटात अन्न गेल्याशिवाय तो प्रश्न विचारायला पोरगं शहरात टिकणारच नव्हतं, हेही खरं. त्यापुढचं पाऊल भाऊराव पाटलांनी टाकलं. १९२४ मध्ये साताऱ्यात त्यांनी सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली ठेवली आणि एका पंगतीला बसवली.

आणि जानेवारी १९२५ मध्ये सोलापूरला डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने हायस्कूलात शिकणाऱ्या अस्पृश्य मुलांसाठी वसतिगृह उघडलं. सभा स्थापन होऊन जेमतेम काही महिने झाले होते. म्हणजे आंबेडकरांच्या संघटनेने हाती घेतलेल्या अगदी पहिल्या कामांतलं एक काम हे बोर्डिंगचं आहे. महाड नंतर, काळाराम नंतर. आधी पोरांची राहण्याची सोय.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. सोलापूर आमच्यापासून काही फार लांब नाही. पण सोलापूर इंग्रजांकडे आणि आम्ही निजामाकडे. आज लातूर जिल्ह्यात असलेला निलंगा-उदगीर-अहमदपूर हा पट्टा तेव्हा बिदर जिल्ह्यात होता. (१९५६ ला तो मराठी मुलखात आला आणि उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्याला जोडला गेला. लातूर जिल्हा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९८२ मध्ये.) कोल्हापूर-साताऱ्याकडे हे सगळं घडत होतं तेव्हा आमच्याकडे काय होतं?

एक युनिव्हर्सिटी होती. १९४१ च्या जनगणनेत दीड कोटीच्या वर लोकसंख्या असलेल्या हैदराबाद संस्थानात एकच, उस्मानिया. स्थापना १९१८. शिकवण्याची भाषा उर्दू. इथे थोडं थांबून एक सांगायला हवं, नाहीतर आपण एका दमात निजामाला शिव्या घालून मोकळे होतो. भारतीय भाषेतून फिजिक्स, इंजिनियरिंग, डॉक्टरकी शिकवायचा एवढा मोठा प्रयोग तोपर्यंत आपल्या देशात कुठल्याच विद्यापीठाने केला नव्हता. त्यासाठी त्यांनी भाषांतराचं वेगळं खातं उघडलं, परिभाषा घडवली, ढिगाने पुस्तकं उर्दूत आणली. आज मराठीतून इंजिनियरिंगच्या गप्पा मारणाऱ्यांनी ते काम जरूर बघावं. अडचण एवढीच, की संस्थानातल्या बहुसंख्य लोकांची भाषा तेलुगू, मराठी किंवा कानडी होती. म्हणजे इंग्रजीच्या जागी दुसरी परकी भाषा आली, झालं.

मराठवाड्यात कॉलेज म्हणावं असं औरंगाबादचं इंटरमिजिएट कॉलेज, १९२३ चं. उर्दूचे मोठे अभ्यासक मौलवी अब्दुल हक तिथे प्रिन्सिपॉल होते. इंटरपर्यंत औरंगाबाद आणि पुढे बी.ए. करायचं तर थेट हैदराबाद. आमच्या भागातल्या पोराने गाव सोडायचं ते असं टप्प्याटप्प्याने. प्राथमिक गावात, पुढे तालुक्याला, मॅट्रिकला त्याहून मोठ्या गावी आणि मग शेकडो किलोमीटरवर होस्टेल. होस्टेल मिळालं तर शिक्षण, नाहीतर परत गावी शेतात.

आणि म्हणूनच १९३८ साली जे घडलं ते होस्टेलात घडलं.

नोव्हेंबर १९३८. औरंगाबाद कॉलेजच्या होस्टेलातली हिंदू मुलं संध्याकाळी प्रार्थनेला जमायची आणि त्यात 'वंदे मातरम्' म्हणायची. काळ तापलेला होता. त्याच वर्षी सप्टेंबरात हैदराबाद स्टेट काँग्रेस नीट सुरू व्हायच्या आतच तिच्यावर बंदी आली होती, ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला होता, आर्य समाजाचा वेगळा लढा चालू होता. अधिकाऱ्यांनी सांगितलं, हे गाणं राजकीय आहे, इथे म्हणायचं नाही. मुलं म्हणाली, ही आमची प्रार्थना आहे. मुलं हटली नाहीत, अधिकारीही हटले नाहीत. मग संप, आणि मग मुलांना होस्टेलातून बाहेर काढलं. बघता बघता हे लोण हैदराबादला उस्मानियाच्या होस्टेलात आणि तिथून संस्थानातल्या इतर कॉलेजांत पसरलं. शेकड्यांनी मुलांची नावं कॉलेजच्या पटावरून कमी केली गेली.

या प्रकरणाला 'वंदे मातरम् चळवळ' म्हणतात आणि शाळेच्या पुस्तकात ते मुक्तिसंग्रामाच्या धड्यात दोन ओळींत उरकतात. मला त्यात दुसरंच काही दिसतं. एका संस्थानात एक युनिव्हर्सिटी, तिचीच कॉलेजं, तिचीच होस्टेलं. तिने काढलं तर संस्थानात दुसरीकडे जायला जागाच नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतो. वॉर्डनने ट्रंक बाहेर ठेवली की पदवीच बाहेर! अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांनी हे माहीत असून ते केलं, याचं मला जास्त कौतुक वाटतं.

त्यांना वाचवलं नागपूरने. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी या मुलांना प्रवेश द्यायचं ठरवलं आणि हैदराबाद संस्थानातली पोरं ट्रंका घेऊन मध्य प्रांतात पोचली. वारंगळच्या कॉलेजातून निघालेला सतरा वर्षांचा एक तेलुगू मुलगाही त्यांत होता, पी. व्ही. नरसिंह राव. नागपुरात इंटर, पुण्यात फर्ग्युसनला बी.एस्सी., परत नागपुरात वकिली. त्यांना अस्खलित मराठी यायची आणि ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' त्यांनी तेलुगूत नेली, ती या होस्टेलबंदीमुळेच म्हणायची. पुढे १९८४ आणि १९८९ ला ते नागपूरशेजारच्या रामटेकमधून लोकसभेवर गेले. एका कुलगुरूने दिलेला प्रवेश किती लांब जातो बघा.

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलोय आणि मला ती आवडते. पण आता वाचताना एक गोष्ट खटकली. काढून टाकायला आधी आत असावं लागतं. त्या होस्टेलांत मराठवाड्यातली जी पोरं होती ती बहुतेक वतनदार, वकील, देशमुख-कुलकर्णी अशा घरांतली. आमच्या गावाच्या वेशीबाहेरच्या वस्तीतलं पोरगं त्या यादीत नव्हतं, कारण ते कुठल्याच यादीत नव्हतं. अपवाद होते. औरंगाबादकडचे बी. श्यामसुंदर उस्मानियात शिकून वकील झाले आणि दलितांचे मोठे पुढारी झाले. पण असे बोटावर मोजण्याइतके. सोलापूरला १९२५ मध्ये जे छप्पर उभं राहिलं, तसं आमच्या बाजूला यायला आणखी पंचवीस वर्षं गेली.

ते आलं औरंगाबादला.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं. त्याआधी १९४५ मध्ये आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली होती आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं होतं. नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून तिथे वर्ग सकाळी भरायचे. दुसरं कॉलेज कुठे काढायचं याला पुणे-नागपूर अशी कितीतरी सोपी उत्तरं होती. त्यांनी निवडलं औरंगाबाद. घटना नुकतीच लागू झाली होती, ते देशाचे कायदामंत्री होते, तब्येत साथ देत नव्हती, आणि हा माणूस मराठवाड्यात कॉलेज काढत होता. जून १९५० मध्ये कॉलेज सुरू झालं, छावणीतल्या जुन्या लष्करी इमारतींत. पैसा उभा करताना हैदराबाद संस्थानात अनुसूचित जातींसाठी ठेवलेल्या ट्रस्ट फंडातून कर्ज घेतलं. १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते नव्या इमारतीची कोनशिला बसली.

नाव पुढे ठेवलं मिलिंद, आणि परिसर नागसेनवन. मिलिंद म्हणजे मिनँडर, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा, ज्याला वादात हरवणारं कुणी भेटत नव्हतं. भिक्खू नागसेनाने त्याच्या प्रश्नांना उत्तरं दिली. म्हणजे कॉलेजला नाव प्रश्न विचारणाऱ्याचं आणि भोवतालच्या झाडीला उत्तर देणाऱ्याचं! देणगीदारांची नावं दिलेल्या कॉलेजांच्या राज्यात ही कल्पना मला फार म्हणजे फार आवडते.

कॉलेज सगळ्या जातींना खुलं होतं आणि आजही आहे. पण आंबेडकरांना कोल्हापूरचा १८९६ चा धडा माहीत होता. नुसतं खुलं ठेवून वेशीबाहेरचं पोरगं येणार नाही. ते औरंगाबादला उतरलं की त्याला त्या शहरात खोली कोण देणार? खाणावळीत ताट कोण वाढणार? म्हणून वर्गाच्या बरोबरीने वसतिगृह. आणि मॅट्रिक झालेलीच मुलं कमी पडायला लागली तेव्हा त्याच परिसरात हायस्कूलही निघालं.

तिथे कामाला माणसंही तशीच आणली. प्राचार्य म. भि. चिटणीस. त्यांनी लिहिलेलं 'युगयात्रा' हे नाटक या कॉलेजच्या मुलांनी खुद्द बाबासाहेबांसमोर केलं. दलित रंगभूमीचा इतिहास सांगणारे बरेच जण तिथून सुरुवात करतात. आणि सुपरिंटेंडेंट म्हणून बळवंतराव वराळे. हे धारवाड-निपाणीकडचे, धारवाडला आंबेडकरांच्या संस्थेने चालवलेल्या बोर्डिंगचं काम त्यांनी आधी पाहिलेलं होतं. बाबासाहेबांनी सांगितलं, औरंगाबादला ये, आणि ते बिऱ्हाड घेऊन आले. त्यांचा नातू प्रसन्न वराळे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश झाला. आजोबा त्या वेळी औरंगाबादला आले म्हणून आपण इथे पोचलो, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलंय.

त्या वसतिगृहात कोण आलं? मराठवाडा, विदर्भ, खानदेश, सगळीकडून. पत्र्याची पेटी, वळकटी, आणि सरकारी स्कॉलरशिप येईपर्यंत काढायचे महिने. मॅट्रिकनंतर शिकणाऱ्या अनुसूचित जातींच्या मुलांसाठी केंद्राची शिष्यवृत्ती १९४४ पासून होती, पण शिष्यवृत्तीने फी भरता येते, खोलीमालकाचं मन वळवता येत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेले सुखदेव थोरात मिलिंदमधून बी.ए. झाले आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष. गंगाधर पानतावणे इथे शिकवायचे. १९६७ च्या सुमारास त्यांच्या पुढाकाराने 'अस्मिता' नावाचं नियतकालिक निघालं, तेच नंतर 'अस्मितादर्श'. दलित साहित्याची चळवळ म्हटलं की आपण मुंबई, कामाठीपुरा, पँथर असं आठवतो. मला वाटतं तिचा अर्धा पत्ता नागसेनवनाचा आहे. पहिल्यांदाच शे-दोनशे पोरं एका जागी राहत होती, ज्यांतल्या प्रत्येकाला आतापर्यंत वाटत होतं की आपल्या गावात घडलं ते फक्त आपल्याबरोबरच घडलं. रात्री दिवे गेल्यावर होस्टेलात पोरं काय बोलतात हे होस्टेलात राहिलेल्याला सांगायला नको.

१९५८ मध्ये औरंगाबादलाच मराठवाडा विद्यापीठ झालं. २७ जुलै १९७८ ला त्याला आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. नांदेड, परभणीकडे घरं जाळली, माणसं मारली. तेव्हा नागसेनवनात राहणाऱ्या पोरांची अवस्था काय असेल याचा विचार करतो. छप्पर मिळालं शहरात, आणि गावाकडचं आहे की गेलं याची खबर नाही. नाव अखेर लागलं १४ जानेवारी १९९४ ला, सोळा वर्षांनी, तेही 'मराठवाडा' कायम ठेवून. त्याच वर्षी सप्टेंबरात नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं वेगळं विद्यापीठ झालं आणि आमचा लातूर जिल्हा तिकडे गेला. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन, तो विषय असा येता-जाता उरकण्याचा नाही.

आता ते ओझं.

१९९९ चा जून. मी आणि माझा शाळेतला मित्र, दोघांनी लातूरला अकरावी सायन्सला ॲडमिशन घेतलेली. त्याला माझ्यापेक्षा दोन टक्के जास्त. ठरलं असं की एकच खोली घ्यायची, भाडं अर्धं अर्धं, डबा एसटीने. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सकाळच्या गाडीला आई डबा द्यायची, कंडक्टर मामा लातूरच्या स्टँडवर उतरवायचे, रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीने परत. या डब्यावर लातूरची कितीतरी पोरं डॉक्टर झालीत.) अण्णा, मित्राचे वडील आणि आम्ही दोघं असे चौघं खोल्या बघत फिरत होतो. चौथी की पाचवी खोली पसंत पडली. तळमजला, नळ दारात, खिडकी पूर्वेला. मालक वयस्कर, बोलायला गोड. चहा पाजला. मग मला विचारलं, "पूर्ण नाव काय बाळ?" मी सांगितलं. मग त्याला विचारलं, "आणि तुझं?" त्यानेही सांगितलं.

मालकांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "खोली तशी लहान आहे ओ. एकालाच देऊ."

पाच मिनिटांपूर्वी हेच गृहस्थ दोन खाटा कशा बसतील ते हाताने दाखवत होते.

अण्णा काही बोलले नाहीत. मी काही बोललो नाही. मित्राचे वडील हसल्यासारखं करून म्हणाले, "असू द्या, असू द्या. आम्ही बघतो दुसरीकडं. ह्याचं तरी झालं." अण्णांनी तिथेच ॲडव्हान्स मोजला. मी त्या खोलीत दोन वर्षं राहिलो. पूर्वेच्या खिडकीत बसून अभ्यास केला, बारावीला चांगले मार्क पडले, इंजिनियरिंग, पुणे, पुढचं सगळं. म्हणजे आज मी जिथे आहे त्याचा पाया ती खोली आहे, हे नाकारता येत नाही.

त्याला मागासवर्गीयांच्या सरकारी होस्टेलच्या यादीत जागा मिळाली नाही. काही महिने रोज एसटीने ये-जा केली. पहाटे निघायचा, रात्री परतायचा, प्रॅक्टिकल असलं की शेवटची गाडी चुकायची आणि मग स्टँडवर मुक्काम. बारावीला फिजिक्स राहिलं. आमचं बोलणं कमी होत गेलं आणि मग थांबलं. भांडण असं काही झालंच नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं.

या रविवारी, वीस-बावीस वर्षांनी, त्याचा नंबर मिळवला आणि फोन केला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तो एका कॉलेजात इतिहास शिकवतो. (नाव लिहू नको म्हणाला, म्हणून लिहीत नाही.) मी पुतण्याचं निमित्त सांगितलं, मग थोडं इकडचं तिकडचं, मग तोच म्हणाला, "ती पूर्वेची खिडकी होती ना रे खोलीला?"

म्हटलं, हो. त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं.

"पंधरा वर्षांचं पोरगं होतास तू. अण्णा बोलले असते तर बरं वाटलं असतं, एवढंच." मग म्हणाला, "माझं काय वाईट झालं नाही. फिजिक्स सुटलं, पुढं बी.ए.ला औरंगाबादला मिलिंदला गेलो. तिथलं सांगू का? रात्री साडेदहाला पोचलो पेटी घेऊन. वॉर्डनसरांनी वही काढली, म्हणाले पूर्ण नाव सांग. माझ्या पोटात गोळा आला बघ. लातूरपासून ती सवयच लागली होती. हळू आवाजात सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, वर न बघताच विचारलं, जेवलास का? नाही म्हटलं. तर म्हणाले, जा, आधी जेवून ये, मेस बंद होईल."

मग तो थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, तिथल्या खोल्यांना गळती होती, मेसची डाळ पातळ होती, पाण्याची बोंब होती, उगाच स्वर्ग करून लिहू नकोस. मी म्हटलं, नाही लिहीत.

त्यानेच मला आत्ताचं सांगितलं. सरकारी होस्टेलला नंबर लागला नाही तर अनुसूचित जातींच्या मुलांना स्वाधार योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे मिळतात, ही योजना २०१६-१७ पासूनची. आर्थिकदृष्ट्या मागास घरांतल्या मुलांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाने वेगळा निर्वाह भत्ता आहे. पैसे खात्यावर जमा होतात, उशिरा होतात पण होतात. "पण ते पैसे घेऊन पोरगं जाणार कुणाच्या दारात?" तो म्हणाला. "खोली तर मालकच देणार ना."

संध्याकाळी चुलतभावाने लातूरच्या एका घरमालकांचा नंबर पाठवला. क्लासच्या जवळ, दोघांत एक खोली, वायफाय, मेस शेजारी. मी फोन लावला. भाडं ठरलं, डिपॉझिट ठरलं. शेवटी ते म्हणाले, "मुलाचं पूर्ण नाव सांगा ओ."

मी विचारलं, "कशाला?"

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग म्हणाले, "भाडेकरूची नोंद करावी लागते पोलिसांत. आधारची झेरॉक्स लागते."

असेलही. मी भावाला सांगितलंय, आणखी दोन-तीन ठिकाणं बघून ठेव. आणि खोलीत दुसरा मुलगा कोण असणार आहे, ते मालकाला नको, पोराला ठरवू दे.